वाचकांचे प्रश्न : जुन्या सायकलींचे ब्रेक, रबर आणि वायर

जुन्या सायकलींच्या देखभालीविषयी आलेल्या पत्रांत ब्रेकविषयीची पत्रे सर्वांत अधिक असल्यामुळे या वेळचे सदर मी केवळ ब्रेकपुरते ठेवले आहे. उत्तरांना सुरुवात करण्यापूर्वी माझी भूमिका सांगतो. जुन्या सायकलीचा मूळ रंग, पुढचा बिल्ला, घंटी, मडगार्डवरची सोनेरी रेघ हे सारे जसेच्या तसे जपावे, अशा मताचा मी आहे. रबर आणि वायर या मात्र जपून ठेवायच्या वस्तू नाहीत. त्या झिजण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि त्या वेळेवर बदलल्या तरच बाकीची सायकल, आणि तिच्यावर बसणारा माणूस, सुरक्षित राहतो.

प्रश्न : आमच्या आजोबांनी 1962 साली घेतलेली सेन-रॅले सायकल माळ्यावरून खाली काढली आहे. तिला वायर नसून सळयांचे ब्रेक आहेत. रबर दगडासारखे कडक झाले आहे. गावातले दुकानदार म्हणतात की सगळा ब्रेक काढून नवा बसवा. केवळ रबर बदलता येणार नाही का, आणि ते घरी करता येईल का? (एक वाचक, सातारा)

रबर नक्की बदलता येईल, आणि घरीही बदलता येईल. सगळा ब्रेक काढण्याचे काहीच कारण नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीशी भागीदारी करून आसनसोल येथे ज्या सायकली बनल्या त्यांपैकी आपली सायकल आहे, आणि तिच्या सळया, दट्टे व सांधे इतके भक्कम असतात की गंज खोलवर गेला नसेल तर ते आणखी एक पिढी सहज काम देतील.

प्रथम हा ब्रेक कसा चालतो ते नीट समजून घ्यावे, कारण नेहमीच्या कॅलिपर ब्रेकपेक्षा त्याची रीत वेगळी आहे. कॅलिपर ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतो. रॉडब्रेकमध्ये, म्हणजे सळयांच्या ब्रेकमध्ये, मात्र घोड्याच्या रिकिबीसारखा वाकवलेला एक लोखंडी तुकडा चाकावर बसवलेला असतो, त्याच्या दोन टोकांना दोन रबरे असतात, आणि हँडलवरची मूठ दाबली की सळई ही रिकीब वर ओढते व रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे स्पोकांच्या बाजूच्या पृष्ठभागावर दाबली जातात. मागचा ब्रेकही याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथे सळई पुढच्या खालच्या नळीला समांतर जाऊन पायडलच्या धुऱ्याजवळ वळण घेते आणि मागच्या चाकाच्या पुढच्या भागावर काम करते. उजव्या हाताची मूठ पुढच्या ब्रेकची आणि डाव्या हाताची मागच्या ब्रेकची, हा इंग्लंडचा रिवाज आपल्याकडच्या या सायकलींवरही आला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री चारही शूंच्या, म्हणजे रबर धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या घरांच्या, नटांवर गंज सोडवणारे पातळ तेल टाकून ठेवावे, पण ते रिमवर ओघळू देऊ नये. दुसऱ्या दिवशी नट सोडवताना पाना नीट घट्ट बसतो की नाही ते पाहावे. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींचे नट इंचांच्या मापाचे असतात, त्यामुळे मिलिमीटरच्या मापाचा पाना किंचित सैल बसतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे गोल होतात. चांगला रिंग पाना जवळ नसेल तर कानस मारून एक जुना पाना त्या नटासाठीच तयार करून ठेवणे परवडते. पक्कड मात्र लावू नये. एकदा कोपरे गेले की पुढच्या प्रत्येक वेळी ते काम दुप्पट अवघड होते.

याच कारणाने दुसरी एक चूक टाळावी. या सायकलींवर अनेकदा पाव इंच जाडीचे आणि इंचाला 26 आटे असलेले बोल्ट असतात. बाजारातला सहज मिळणारा 6 मिलिमीटरचा नट त्यांच्या आट्यांशी बराच जुळता वाटतो, पण तो बारीक असल्यामुळे बसत नाही, आणि उलट 6 मिलिमीटरच्या बोल्टवर पाव इंची नट फिरतो तो सैलच राहतो. म्हणून दुकानात जाताना जुना शू, त्याचा नट आणि वायसर असे तिन्ही सोबत न्यावे. नवा शू घेतलात तर त्याचा स्वतःचा नटच वापरावा, जुना नट त्यावर चढवू नये.

रबर मिळण्याची चिंता करू नका. 28 इंची, रॉडब्रेकच्या सायकली आपल्या देशात अजून बनतात, त्यामुळे त्यांचे रबर आणि शू खेड्यापाड्यांतल्या दुकानांतही मिळतात. विकत घेताना रबरावर नखाने दाबून पाहावे. नख किंचित रुतले पाहिजे आणि काढल्यावर खूण भरून आली पाहिजे. नख घसरत असेल तर ते रबर दुकानातच म्हातारे झाले आहे असे समजावे.

सोडवताना प्रत्येक शूचे वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने सुतळीत ओवून ठेवावेत आणि सुतळीला डावा, उजवा, पुढचा, मागचा अशी चिठ्ठी बांधावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण वायसरांच्या जाडीवरच रबर रिमच्या मध्यावर बसते की बाहेर सरकते हे ठरलेले असते. शू निघाला की जुने रबर मागून स्क्रू ड्रायव्हरने ढकलून काढावे. पत्र्याच्या घरात गंजाची भुकटी साठलेली असते. ती कानशीच्या टोकाने खरवडून स्वच्छ केल्याशिवाय नवे रबर आत पूर्ण बसत नाही. रबर सरकत नसेल तर त्याला साबणाचे पाणी लावावे, तेल कधीही लावू नये.

बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. रबर रिमच्या पट्टीवर सपाट टेकले पाहिजे, मधल्या उंचवट्यावरच्या स्पोकांच्या निपलांना त्याने स्पर्श करता कामा नये, आणि ते बाहेरच्या कडेवरूनही निसटता कामा नये. हे डोळ्यांनी नीट कळत नाही, म्हणून माझी पद्धत अशी आहे : रिमच्या आतल्या पट्टीला खडू घासावा, ब्रेक हलका दाबून चाक एक फेरा फिरवावे आणि मग रबराकडे पाहावे. सगळ्या रबरावर पांढरे उमटले असेल तर बैठक बरोबर आहे. केवळ एका कोपऱ्यावर पांढरे दिसले तर शू थोडा फिरवून, किंवा वायसर बदलून, पुन्हा खडू लावावा. दोन-तीन वेळा असे केल्यावर काम जमते.

त्यानंतर अंतर लावावे. हँडलकडून खाली येणारी सळई आणि रिकिबीची वरची दांडी जिथे जुळतात तिथला नट सैल करून रिकीब वर-खाली करता येते. रबर आणि रिम यांच्यात सुमारे 3 मिलिमीटर अंतर ठेवावे. यापेक्षा कमी ठेवण्याचा मोह होतो, पण जुन्या चाकाला वर-खाली उसळी असतेच, आणि रॉडब्रेकमध्ये रबर आतून वर दाबले जात असल्यामुळे चाक बाजूला डुलण्यापेक्षा ही उसळीच अधिक त्रास देते. चाक फिरवल्यावर रबर ठराविक ठिकाणी घासत असेल तर ब्रेक सैल करत बसण्याऐवजी आधी चाकाचा आउट, म्हणजे उसळी आणि डोल, काढून घ्यावा. मूठ सोडल्यावर रिकीब मोकळेपणाने खाली आली नाही, तर पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही पायांवर ज्या लहान क्लिपांतून तिची टोके सरकतात त्या तपासाव्यात. बहुतेक वेळा एखादी क्लिप वाकलेली असते किंवा तिथे रंगाचा आणि गंजाचा थर साठलेला असतो.

मागच्या चाकाच्या बाबतीत एक गोष्ट मी स्वतः अनेक वर्षे विसरत असे. सैल झालेली साखळी ओढण्यासाठी चाक मागे सरकवले की मागचा ब्रेक आपोआप घट्ट होतो, कारण रबर रिमच्या आत असते आणि रिम मागे येऊन त्याच्याकडे सरकते. म्हणून आधी साखळी ओढावी आणि मगच मागच्या ब्रेकचे अंतर लावावे. उलट क्रमाने केले तर सारे काम पुन्हा करावे लागते.

प्रश्न : माझ्याकडे 26 इंची, तीन गिअरची जुनी इंग्लिश रॅले आहे. पुढच्या ब्रेकची वायर मुठीपाशी उसवली आहे. तिच्या दोन्ही टोकांना गोळे आहेत आणि पुण्यात तीन दुकानांत फिरूनही तशी वायर मिळाली नाही. एका ठिकाणी गिअरची वायर बसवून देतो म्हणाले. बसवू का? (एक वाचक, पुणे)

गिअरची वायर ब्रेकला कृपया बसवू नका. ब्रेकची आतली वायर साधारण दीड मिलिमीटर जाड असते, गिअरची साधारण 1.1 ते 1.2 मिलिमीटर. कागदावर हा फरक थोडा दिसतो, पण गच्च ब्रेक दाबताना वायरीवर पडणारा ताण गिअर बदलतानाच्या ताणाच्या कितीतरी पट असतो. हीच गोष्ट बाहेरच्या आवरणाची. ब्रेकचे आउटर चपट्या तारेची दाट वेटोळी करून बनवलेले असते आणि ते दाब सहन करते. नव्या प्रकारच्या गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ ठेवलेल्या असतात, आणि ब्रेकच्या ताणाखाली त्या बाजूला फाकून आउटर फुटू शकते. ते फुटते तेही नेमके आपण जीव तोडून मूठ दाबतो तेव्हा.

आवरणातून सरकणाऱ्या वायरीने ओढ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याची ही युक्ती अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 साली पेटंट केली. रॅले कंपनीचे संस्थापक फ्रँक बाउडन हे वेगळे गृहस्थ. आडनाव एकच असल्यामुळे अनेक ठिकाणी दोघांची गल्लत केलेली आढळते.

आता आपल्या वायरीविषयी. जुन्या इंग्लिश सायकलींवर कारखान्यातूनच ठरावीक लांबीची, दोन्ही टोकांना निपल, म्हणजे धातूचा गोळा, डाखवलेली वायर येत असे. आज मिळणाऱ्या साध्या वायरीच्या एका टोकाला पिंपासारखा आडवा निपल आणि दुसऱ्या टोकाला पेरूसारखा, मुळाशी निमुळता निपल असतो, आणि आपल्या मुठीला जो लागतो तो ठेवून दुसरा कापून टाकायचा असतो. आपल्या मुठीतल्या खोबणीत जुना निपल ठेवून पाहा आणि त्याच मापाचा नवा शोधा. किंचित मोठा असेल तर कानशीने घासून बसवता येतो, मात्र लहान असेल तर तो कधीही वापरू नये, कारण खोबणीत हलणारा निपल वायर मुळाशी वाकवून वाकवून तोडतो. आपली वायर मुठीपाशीच उसवली आहे त्यामागे बहुधा हेच कारण आहे, म्हणून नवी वायर घालण्यापूर्वी मुठीच्या खोबणीत तेलाचा थेंब टाकून निपल त्यात गोल फिरतो ना, तेही पाहा.

खालच्या टोकासाठी दोन मार्ग आहेत. पहिला आणि सोपा मार्ग म्हणजे कॅलिपरच्या भुजेवर, जिथे निपल अडकतो तिथे, वायर आवळून धरणारा भोकाचा बोल्ट बसवणे. मूळ रूपात थोडा बदल होतो, पण सायकलीला भोक पाडावे लागत नाही आणि पुढे हवे तेव्हा तो काढता येतो. दुसरा मार्ग म्हणजे योग्य लांबीवर नवा पितळी निपल डाखवणे. हे काम ज्याला येते त्याच्याकडूनच करून घ्यावे, पण ते बरोबर झाले की नाही हे ओळखता यावे म्हणून पद्धत सांगतो. वायर निपलमधून ओवल्यावर तिचे टोक नुसते डाख लावून चिकटवायचे नसते. टोकाच्या बारीक तारा फुलासारख्या फाकवून निपलच्या तोंडातल्या खळगीत बसवायच्या आणि मग डाख वितळवून ती खळगी भरायची, म्हणजे वायर ओढली तरी फुललेले टोक भोकातून निघू शकत नाही. डाखासाठी आम्ल वापरले असेल तर ते पाण्याने धुऊन वायर पुसून तेल लावलेच पाहिजे, नाहीतर दोन-तीन महिन्यांत नेमक्या त्याच जागी वायर गंजते. शेवटी निपल शिकंजात धरून वायर पूर्ण जोराने ओढून पाहावी. स्क्रूने आवळायचे जे तयार निपल मिळतात ते गिअरच्या वायरीला चालतील, ब्रेकला नको.

आउटर कापताना जुने आउटर शेजारी ठेवून तेवढ्याच लांबीचे कापावे, आणि कापण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते ताणले जात नाही याची खात्री करावी. कापलेले टोक कानशीने सपाट करावे आणि आत दबलेले तोंड दाभणाने गोल उघडावे. टोक तिरपे राहिले तर दाबताना ते हळूहळू बसत जाते आणि लोकांना वाटते की वायर ताणली गेली. आतली वायर कापण्यापूर्वी कापायच्या जागी डाखाचा एक थेंब द्यावा, म्हणजे तारा सुटत नाहीत. शेवटी सायकल उभी ठेवून मूठ दहा वेळा पूर्ण ताकदीने दाबावी. काही घसरायचे असेल तर ते अंगणात घसरावे, रस्त्यावर नव्हे.

मूळच्या रेघारेघांच्या आउटरविषयीचे आपले प्रेम मी समजू शकतो. ते फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा. पण आतून गंजलेल्या आउटरमधून नवी वायर ओवली तर गंज तिला करवतीसारखा कापतो, म्हणून त्याच रंगाशी जुळणारे नवे आउटर घ्यावे हे उत्तम.

प्रश्न : ब्रेकचा शू एका बाजूने उघडा आणि एका बाजूने बंद असतो. बंद बाजू कुठे ठेवायची? दोन मेकॅनिकांनी दोन उत्तरे दिली. (एक वाचक, कोल्हापूर)

ब्रेक लावल्यावर रिम रबराला ज्या दिशेने ओढत नेते त्या दिशेला बंद बाजू असली पाहिजे. पुढच्या चाकावर, चिमट्याच्या वरच्या भागातल्या ब्रेकसाठी, ती पुढच्या बाजूला येते. मागच्या रॉडब्रेकसाठी, तो चाकाच्या पुढच्या भागावर बसत असल्यामुळे, ती खालच्या बाजूला येते. पाठ करण्यापेक्षा तपासून घेणे बरे : रिमवर खडूची एक रेघ मारा, सायकल पुढे जाताना जसे फिरते तसे चाक हाताने फिरवा, आणि ती रेघ रबराच्या ज्या टोकाकडून बाहेर पडते ते टोक बंद असले पाहिजे.

याची किंमत मला ठाऊक आहे. कॉलेजात असताना एका दुकानातून नवी रबरे बसवून घेतली आणि त्याच रविवारी कात्रजच्या जुन्या घाटातून खाली उतरत होतो. दुसऱ्या वळणाआधी उजवी मूठ दाबली, क्षणभर ब्रेक लागला, आणि मग काहीतरी टणकन उडून गेले. शू उलटा बसवलेला होता आणि रिमने रबर उघड्या बाजूने ओढून बाहेर फेकले होते. पुढे केवळ पत्रा रिमवर घासत राहिला. मागच्या ब्रेकवर आणि चपलेवर सायकल थांबली. तेव्हापासून दुसऱ्याने बसवलेला ब्रेक मी रेघ मारून पाहिल्याशिवाय रस्त्यावर नेत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या जुन्या सायकलीचे ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. रबर नवे आहे. कोणी चामड्याचे पॅड सुचवतो, कोणी ॲल्युमिनियमची रिम. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

दोष रबराचा नसून ओल्या क्रोम पॉलिशचा आहे. क्रोम चढवलेली पोलादी रिम कोरडी असताना ठीक काम देते, पण तिच्यावर पाण्याचा पातळ थर आला की गुळगुळीत पृष्ठभागावर रबर अक्षरशः तरंगते, आणि थांबायला लागणारे अंतर कित्येक पटींनी वाढते. हा दोष सायकल नवी होती तेव्हाही होता. त्या काळी इंग्लंडात त्यासाठीच चामड्याची पट्टी बसवलेली रबरे विकली जात, कारण चामडे पाणी पुसून घेऊन पोलादाला अधिक धरते. आपल्या रिमवर ती चालतील, मिळाली तर जरूर वापरून पाहा. फक्त ती ॲल्युमिनियमच्या रिमवर कधीही लावू नयेत. त्या रिमसाठी वेगळ्या जातीचे रबर असते, त्यांत लालसर नारिंगी छटेचे रबर ओल्यात चांगले असते आणि ते पोलादी रिमवरही साध्या काळ्या रबरापेक्षा बरे काम देते.

ॲल्युमिनियमची रिम हा खरा उपाय आहे, पण तो कॅलिपर ब्रेकच्या सायकलीसाठी. आपली सायकल 26 बाय 1⅜ मापाची असेल तर 590 मिलिमीटर व्यासाची रिम शोधून जुन्या हबवर विणून घेता येते. सायकलीचा हब, हँडल, चौकट सारे मूळचे राहते, आणि पोलादी रिम कागदात गुंडाळून ठेवता येतात. आपण कोकणात रोज सायकल चालवत असाल तर मी हा बदल निःसंकोचपणे करीन. रॉडब्रेकच्या सायकलीला मात्र हा मार्ग नाही.

तोपर्यंतचा उपाय सवयीचा आहे. थांबायचे असेल त्याच्या बरेच आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून सोडावेत, म्हणजे चाकाच्या काही फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढते आणि मग खरा ब्रेक लागतो. ओल्या दिवसांत उताराआधी वेग वाढूच देऊ नये. खाऱ्या हवेमुळे रिमवर येणारे गंजाचे ठिपके स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासल्यास निघतात आणि क्रोमवर ओरखडे येत नाहीत. नंतर रिम कोरडी पुसावी. गंज जाण्यासाठी म्हणून रिमवर तेलाचा हात फिरवण्याची आपल्याकडची पद्धत ब्रेकच्या दृष्टीने घातक आहे. चुकून तेल लागलेच तर स्पिरिटने पुसून रबराचा वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढावा.

प्रश्न : रॉडब्रेकचे सांधे खिळखिळे झाल्यामुळे त्याच चाकांवर कॅलिपर ब्रेक बसवता येतील का? (एक वाचक, मडगाव)

आपल्या सायकलीची रिम बहुधा वेस्टवूड पद्धतीची आहे. तिच्या बाजू गोल वळलेल्या असतात, आणि कॅलिपरच्या रबराला टेकायला सपाट भिंतच नसते, त्यामुळे रबर टायरवर तरी चढते किंवा स्पोकांत तरी घसरते. कॅलिपरसाठी सपाट बाजूची एंड्रिक रिम लागते. वेस्ट्रिक नावाची एक मधली जात दोन्ही ब्रेकांना चालते, पण ती आपल्या चाकावर आहे की नाही हे रिमची बाजू बोटाने चाचपूनच कळेल. सांधे खिळखिळे झाले असतील तर त्यांतल्या झिजलेल्या पिना लेथवर नव्या करून घ्याव्यात. एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये हे तासाभराचे काम आहे, आणि त्यानंतर ब्रेक पूर्वीसारखा ताठ लागतो.

प्रश्न : एका संग्राहकाकडून 1950च्या सुमाराचे, डब्यातले न वापरलेले ब्रेकचे रबर मिळाले आहे. ते बसवावे का? (एक वाचक, मुंबई)

सायकल प्रदर्शनात उभी राहणार असेल तर बसवावे. ती रस्त्यावर जाणार असेल तर नको. रबर वापराने झिजते तसे न वापरता हवेने कडक होते, आणि सत्तर वर्षांचे रबर डबा बंद असला तरी कडक झालेलेच असते. पण तो डबा, त्यावरचे छापील अक्षर आणि आतली रबरे एकत्र जपून ठेवा. मूळ रबराची लांबी, खाचांची रचना आणि शूचा आकार सांगणारा तो अस्सल नमुना आहे, आणि नवे रबर कापून घडवताना त्याचाच उपयोग होईल.

प्रश्न : हिवाळ्यात ब्रेकची मूठ दाबली की तशीच दबून राहते, दुपारी ठीक होते. वायरीत वेळोवेळी खोबरेल तेल घालतो. (एक वाचक, नागपूर)

आपण प्रश्नातच उत्तर लिहिले आहे. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजू लागते, आणि नागपूरच्या डिसेंबरातल्या सकाळी ते आउटरच्या आत बाटलीतल्यासारखेच पांढरे, घट्ट झालेले असते. दुपारी ऊन लागले की वितळते. शिवाय घरातली खाण्याची तेले काळाने चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात. वायरीला शिवणयंत्राचे पातळ तेल घालावे.

तेल आत पोचवण्याची एक घरगुती रीत सांगतो. कॅलिपरकडचे टोक सोडवून ते खाली लोंबू द्यावे आणि मुठीकडचे टोक उंच राहील असे पाहावे. मग भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घेऊन आउटरच्या वरच्या तोंडाभोवती दाबून त्याची लहानशी वाटी करावी, आणि त्या वाटीत प्रथम थोडे रॉकेल किंवा टर्पेंटाइन ओतून जुने थिजलेले तेल धुऊन घ्यावे. खाली येणारा काळपट द्रव स्वच्छ येऊ लागला की वाटीत शिवणयंत्राचे तेल भरून सायकल रात्रभर तशीच ठेवावी. खाली, रिमपासून दूर, एक जुने भांडे ठेवावे. सकाळी भांड्यात तेलाचे थेंब दिसले म्हणजे तेल पूर्ण लांबीत पोचले. कणीक काढून टाकावी, वायर आणि टोक फडक्याने पुसावे, आणि ब्रेक पुन्हा जोडण्यापूर्वी वायर हाताने चार-पाच वेळा मागेपुढे ओढून पाहावी. ती कुठेही न अडकता सरकली पाहिजे. तरीही अडकत असेल तर आउटर आतून गंजले आहे, ते बदलावे.